घडीचा चाकू : निवडीपासून तिसऱ्या धारेपर्यंत

घडीचा चाकू निवडायला बसलं की बोलणं पोलादाच्या नावापासून सुरू होतं. मी ते नाव सगळ्यात शेवटी वाचतो. आधी पातं उघडतो, टोक पलीकडे आणि धार वर करून उजेडात धरतो आणि धारेच्या लगेच मागे पोलाद किती जाड आहे ते पाहतो. कापायचं काम तिथे होतं. पात्याची पाठ ३ मिलिमीटरची असो की साडेतीनची, धारेची तिरकी पट्टी जिथून सुरू होते तिथली जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटर असेल तर जाड पुठ्ठा सरळ रेषेत कापला जातो. तीच जाडी ०.८ झाली की हातावरचे केस भादरणारी धारही पुठ्ठ्यात अडते, कारण पातं तिथे पाचरीसारखं वागतं. ते कापत नाही, दोन्ही बाजू ढकलून फाडतं.

जाडी मोजायचा कॅलिपर नसेल तर पट्टीची रुंदी बघावी. दोन्ही बाजूंनी २० अंशांची धार असलेल्या पात्यात ०.५ जाडीला पट्टी साधारण पाऊण मिलिमीटर दिसते, ०.८ जाडीला जवळजवळ १.२. हा फरक डोळ्यांना सहज कळतो. पट्टी मुळापासून टोकापर्यंत सारखी आहे का, आणि डाव्या-उजव्या बाजूला समान आहे का, तेही त्याच वेळी पाहून घेतो. टोकाकडे पट्टी अचानक रुंद होत असेल तर तिथे पातं घासताना पोलाद जाड राहिलेलं असतं, आणि पुढे धार लावताना तोच भाग सर्वांत जास्त वेळ खातो.

रोजच्या कामाला ७ ते ९ सेंटिमीटरचं पातं पुरतं. त्याहून मोठं पातं खिशात जड होतं आणि बारीक कामात टोक हातापासून फार लांब जातं. मुठीवर चारही बोटं बसली पाहिजेत, करंगळी लोंबकळता कामा नये. मूठ जोरात आवळून पाहावी. खिशाला अडकवायची क्लिप तळहातात रुतत असेल तर पंधरा मिनिटं लाकूड तासल्यावर तिथे फोड येणारच. दुकानात दोन मिनिटं हाताळून हे लक्षात येत नाही, आवळल्यावर येतं.

पात्याच्या आकाराबाबत माझं मत साधं आहे. पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं सपाट उतरत गेलेलं पातं घ्यावं, टोक मुठीच्या मध्यरेषेच्या आसपास असावं आणि धारेला आत वळणारा बाक नसावा. आत वळलेली धार सपाट दगडावर बसतच नाही. दाते असलेलं पातं दोर आणि पट्टे झपाट्याने कापतं, पण त्याला धार लावायला प्रत्येक दात गोल सळईने वेगळा घासावा लागतो. ज्याचं मुख्य कामच दोर कापायचं आहे त्याने ते घ्यावं, बाकीच्यांनी साधी धार घ्यावी.

आता लॉक, म्हणजे उघडं पातं आपोआप मिटू नये म्हणून केलेली सोय. इथे घाई करू नये, कारण चुकीची किंमत बोटाने मोजावी लागते.

सर्वांत जुनी आणि सोपी रचना बिनलॉकची. मुठीच्या पाठीत एक कमान, म्हणजे स्प्रिंग, असते आणि ती पात्याच्या बुडाच्या (मुठीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या) सपाट भागावर दाबून पातं उघडं किंवा बंद धरून ठेवते. १८९७ साली नोंदवलेला स्विस ऑफिसर चाकू याच जातीचा. यात पातं अडकत नाही, नुसतं दाबून धरलेलं असतं. म्हणून टोक खुपसून दाबायच्या कामाला तो वापरू नये, पातं उलटून बोटांवर येतं. फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं आलं. ते फिरवलं की पात्याची परतीची वाट बंद होते. कडं फिरवायचं विसरलं तर मात्र तो चाकू बिनलॉकचाच. लायनर लॉक १९८० च्या दशकात अमेरिकन कारागीर मायकेल वॉकर यांनी आजच्या रूपात आणला. मुठीच्या आतला पत्रा स्प्रिंगसारखा आत झुकतो आणि उघड्या पात्याच्या बुडामागे येऊन उभा राहतो. त्याच तत्त्वावर क्रिस रीव्ह यांनी मुठीची आख्खी एक बाजूच लॉक म्हणून वापरली, तो फ्रेम लॉक. याशिवाय पाठीवर दाबायचा बॅक लॉक आणि आडव्या दांडीचा लॉक आहेत. दांडीचा लॉक डावखुऱ्यांना विशेष सोयीचा, कारण तो दोन्ही बाजूंनी सारखाच उघडतो.

लायनर किंवा फ्रेम लॉक तपासताना मी पातं तीनदा उघडतो. एकदा अगदी सावकाश, एकदा नेहमीसारखं, एकदा जोरात. दर वेळी चाकू पाठीकडून बघतो. पत्र्याचं तोंड बुडाच्या उतरत्या कडेवर सरकत जातं आणि टिक आवाज होऊन थांबतं. ते बुडाच्या जाडीच्या पाव ते अर्ध्या भागापर्यंत आलेलं असावं. नुसतं कडेला टेकलेलं असेल तर ते निसटू शकतं. नव्या चाकूतच पलीकडच्या टोकाला पोचलेलं असेल तर पुढच्या झिजेला जागाच उरत नाही. सावकाश उघडल्यावर एका जागी आणि जोरात उघडल्यावर भलत्याच जागी थांबत असेल, तर बुडाची कड नीट घासलेली नाही. तो चाकू बाजूला ठेवावा.

मग पात्यातला खेळ, म्हणजे ढिलेपणा. उघडं पातं पाठीकडून चिमटीत धरून आधी डावीकडे-उजवीकडे हलवायचं, मग पाठ आणि धार यांच्या दिशेत वर-खाली. डावी-उजवीकडचा खेळ हा, पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्या स्क्रूचा प्रश्न आहे आणि तो घरी सुटतो. वर-खालीचा खेळ लॉकच्या मापातला दोष आहे. तो स्क्रू आवळून जात नाही, चाकू परतच करावा लागतो. या दोन दोषांची गल्लत झाली की लोक स्क्रू आवळत बसतात, पातं घट्ट होतं आणि लॉक तसाच डुगडुगत राहतो.

लॉकवर भार देऊन पाहायचा तर मूठ दोन्ही बाजूंनी धरायची, पातं मिटलं तरी बोटं त्याच्या वाटेत येणार नाहीत अशी. मग पाठ लाकडाच्या कडेवर टेकवून हाताच्या दाबाने हळूहळू भार वाढवायचा. पाठ टेबलावर ठोकून परीक्षा घेणारे पुष्कळ आहेत. ते करू नये. ठोक्याने पत्रा क्षणभर उडतो आणि चांगला लॉकही सुटू शकतो, शिवाय दोन्ही धातूंच्या टेकण्याच्या जागी पोचा पडतो आणि आधी नसलेला खेळ तिथे तयार होतो. टायटॅनियमचा फ्रेम लॉक सुरुवातीला चिकटतो, सोडताना अंगठ्याला जोर लागतो. बुडाच्या टेकण्याच्या जागेवर मऊ शिसपेन्सिल फिरवली की ग्राफाइटने तो मोकळा होतो. तिथे तेल घालू नये.

पोलाद आता. पोलाद धार किती टिकेल, गंज किती धरेल आणि दगडावर किती वेळ लागेल ते ठरवतं. पातं किती सहज कापेल ते नाही. १४सी२८एन या पोलादात साधारण ०.६२ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम आणि थोडा नायट्रोजन असतो. ते गंजत नाही म्हटलं तरी चालेल, बारीक धार घेतं आणि ती साध्या दगडावर लावता येते. पहिल्या चाकूला मी हेच सुचवतो. डी२ मध्ये कार्बन दीड टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम सुमारे १२ टक्के, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत, अडकलेलं असतं. त्यामुळे पुठ्ठ्यावर धार खूप टिकते, पण घामाच्या खिशात राहिलं तर गंजाचे ठिपके येतात. एस३०व्ही मध्ये ४ टक्के व्हॅनेडियम आहे. त्याचे कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात, म्हणून तिथे हिऱ्याचे कण बसवलेली डायमंड प्लेटच सोयीची. १०९५ सारख्या साध्या कार्बन पोलादात क्रोमियम जवळजवळ नसतंच. ते धार झटक्यात घेतं आणि ओलं ठेवलं तर रात्रीत गंजतं.

या नावांपेक्षा पोलादाला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून आणि थंड करून ते किती कठीण केलंय, ते महत्त्वाचं. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ५५-५६ असेल तर धार लवकर वळते, पण तुटत नाही आणि चटकन सरळ होते. ५९-६१ ला ती जास्त टिकते. त्याहून वर गेल्यावर काही पोलादांचे बारीक तुकडे उडू लागतात. एकाच नावाचं पोलाद दोन हातांतून पाणी देऊन निघालं की दोन वेगळे चाकू होतात. म्हणून ज्या कारखान्याने कठीणपणाचा आकडा छापलाय त्याच्याकडे माझा कल असतो.

चाकू घरी आला की पहिल्या दिवशी तीन कामं. खिळीचा स्क्रू, क्लिपचे स्क्रू आणि तेल. स्क्रू बहुधा टी६, टी८ किंवा टी१० टॉर्क्सचे, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्यासारख्या खाचेचे, असतात. टोक तंतोतंत बसेल असाच बिट वापरावा. एक नंबर लहान बिट घातला तर स्क्रूचे कोपरे गोल होतात आणि तो स्क्रू मग निघत नाही. खिळीचा स्क्रू एका वेळी एका फेरीचा आठवा भाग एवढाच फिरवायचा, नंतर पातं उघड-मीट करून खेळ पाहायचा. खेळ गेला आणि पातं अजून मोकळं फिरतंय, अशी एक जागा सापडते. ती सापडल्यावर पातं बंद करून मधोमध येतंय का ते बघावं. थोडं एका बाजूला असलं आणि पत्र्याला घासत नसलं तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. वापरात स्क्रू सैल होत असेल तर निळ्या रंगाचं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव्य) आट्यांवर टाचणीच्या टोकाने लावायचं आणि चोवीस तास चाकू उघडायचा नाही. बाटलीतून थेट थेंब टाकला की ते ओघळून वॉशरपर्यंत जातं आणि पातं जखडतं. तेल प्रत्येक वॉशरपाशी एक थेंब, बस्स. खाण्याच्या वस्तू कापणार असाल तर खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल घ्यावं. स्वयंपाकाचं तेल नको, ते हवेने घट्ट होऊन खिळीत डिंकासारखं बसतं.

उघडण्यापेक्षा मिटताना जास्त बोटं कापतात. लायनर लॉक मिटताना अंगठ्याने पत्रा बाजूला दाबलेला असतो, म्हणजे अंगठा पात्याच्या वाटेतच असतो. पातं पाव भाग मिटलं की थांबायचं, अंगठा काढायचा, मग उरलेलं मिटायचं. ही दोन टप्प्यांची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. बिनलॉकच्या चाकूत कमान शेवटच्या भागात पातं खेचून घेते. तिथे मूठ तळहातात, बोटं दोन्ही कडांना, आणि पाठ दुसऱ्या तळहाताने ढकलायची. पातं सोडून देऊन खटकन मिटू देऊ नये. काही जुन्या घडणीच्या चाकूंत धार आतल्या कमानीवर आपटते आणि दर वेळी त्याच जागी खाच पडते. धारेवर कायम एकाच ठिकाणी खाच दिसत असेल तर कारण बहुतेक हेच.

वापरातल्या तीन गोष्टी धार घालवतात. काचेची किंवा चिनी मातीची ताटली, पुठ्ठ्यातली पिन आणि पिळणं. ताटलीवर दोनदा कापलं तरी धार वळते, खाली लाकूड असावं. लाकडात रुतलेलं पातं पिळून काढू नये, आलं त्याच दिशेने मागे घ्यावं. धारेला सरळ भार पेलतो, आडवा पेलत नाही. टोकाने झाकण उचकटणं म्हणजे टोक मोडणंच. आणि कापताना पातं घसरलं तर ते कुठे जाईल, याचा विचार आधी करायचा. त्या रेषेत मांडी, मनगट किंवा दुसरा हात नको. चाकू दुसऱ्याला देताना मिटूनच द्यावा.

पहिली धार साधारण केव्हा लावायची? कागद कापताना पातं अडखळायला लागलं की. धार डोळ्यांनीही कळते. दिव्याखाली धार सरळ आपल्याकडे करून पाहावी. तीक्ष्ण धार दिसत नाही, कारण प्रकाश परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो तिथे ती बोथट आहे. मी हे पाहिल्याशिवाय दगड काढत नाही, कारण किती घासायचं ते यावरून ठरतं.

साहित्य थोडंच. ४०० आणि १००० ची (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) डायमंड प्लेट आणि चामड्याचा पट्टा. पट्टीवर काळा मार्कर फिरवायचा, कारण कोन बरोबर आहे की नाही ते तोच सांगतो. दोन हलके हात मारून बघायचं. काळं फक्त वरच्या कडेचं गेलं तर कोन कमी पडतोय, पाठ थोडी उचला. फक्त धारेच्या टोकाचं गेलं तर कोन जास्त. सगळं पुसलं गेलं की बरोबर. आकड्यात हवं असेल तर २० मिलिमीटर रुंद पात्याची पाठ १५ अंशांना दगडापासून ५.२ मिलिमीटर आणि २० अंशांना ६.८ मिलिमीटर वर येते. ही उंची पाठीच्या जाडीच्या मध्यापर्यंत मोजायची. पाठीच्या खालच्या कडेपर्यंत मोजली तर ३ मिलिमीटरच्या पाठीत जवळजवळ दीड मिलिमीटरची चूक होते आणि कोन भलताच मोठा लागतो.

मग ४०० वर एकच बाजू घासत राहायची, बर येईपर्यंत. धार पूर्ण घासली गेली की पोलादाची सुतासारखी बारीक कड पलीकडे वळते, तिला बर म्हणतात. ती हाताला कळते. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर सरकवायचा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. नखाला बारीक खरखर लागते. ती मुळापासून टोकापर्यंत सलग लागली पाहिजे. दोन सेंटिमीटरचा पट्टा गुळगुळीत लागला तर तिथे दगड अजून धारेपर्यंत पोचलेला नाही. असे भाग बहुधा दोनच असतात, मूळ आणि टोक. मुळाशी पात्याचा जाड भाग दगडाच्या कडेला अडतो. टोकाशी धार वळते आणि हात तसाच सरळ जातो, म्हणून तिथे मूठ किंचित उचलत न्यावी लागते. टोक दगडाबाहेर घसरू दिलं तर ते गोल होतं, म्हणून हात कडेच्या आधी थांबवायचा.

सलग बर आली की दुसरी बाजू, तिथेही तसंच. नंतर १००० वर दाब निम्मा करायचा. डायमंड प्लेटवर जोर दिल्याने काम वेगाने होत नाही, नुसते खोल चरे पडतात आणि प्लेटचे हिरे उपटतात. आता एक हात इकडे, एक तिकडे, असे प्रत्येक बाजूला दहा. शेवटचे पाच केवळ पात्याच्या वजनाने.

बहुतेकांची धार इथे बिघडते. चाकू केस भादरतो, माणूस खूश होतो आणि पाच-दहा मिनिटांच्या कामात धार जाते. दोष पोलादाला दिला जातो. खरं तर धार झालेलीच नसते, वळलेली बर सरळ उभी राहिलेली असते आणि तीच केस कापत असते. पहिल्या लाकडावर ती मोडते आणि खाली बोथट कड उरते. म्हणून १००० नंतर पाठ दोन-तीन अंश जास्त उचलून प्रत्येक बाजूला दोनच अगदी हलके हात मारायचे. बर मुळाशी तुटते. मग चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून पाठ पुढे आणि धार मागे अशी दहा-दहा वेळा फिरवायची. दाब हलका, कारण चामडं दबतं आणि धारेच्या टोकावर वर येऊन ते गोल करतं. पातळ कागद मुळापासून टोकापर्यंत ओढून पाहावा. जिथे कागद अडतो, तिथे बर राहिली आहे किंवा खाच आहे. बर असेल तर पट्ट्याने जाते, खाच असेल तर ४०० वर परत.

नवा चाकू पहिल्याच वेळी घरी धार लावल्यावर जास्त टिकतो, असं अनेकदा दिसतं. कारखान्यात वेगाने फिरणाऱ्या घासायच्या पट्ट्यावर धारेचं अगदी टोक तापून पाणी उतरलेलं असू शकतं. तेवढं पोलाद निघून गेलं की खालचं नीट पाणी दिलेलं पोलाद वर येतं. म्हणून पहिल्या आठवड्यात धार लवकर गेली तर चाकू वाईट ठरवू नये.

साफसफाईला फार काही लागत नाही. आंबट रस लागला की लगेच पुसायचा, खारट पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुऊन वाळवायचा. लायनर लॉकमध्ये पत्रा ज्या खोबणीत सरकतो तिथे खिशातला कापूस साचतो. त्याचा गोळा झाला की पत्रा पूर्ण आत येत नाही, लॉक अर्धवट लागतो. महिन्यातून एकदा टूथपिकने तो काढावा. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात ठेवू नये. लाकूड फुगतं आणि पातं आत अडकतं. ओपिनेल असा अडकला तर मुठीचं मागचं टोक कठीण जागेवर ठोकायचं, पातं थोडं बाहेर डोकावतं. नंतर सावलीत पूर्ण वाळवायचा.

बाहेर चाकू बाळगण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. पात्याची लांबी, लॉक आणि एका हाताने उघडणं या तीन गोष्टींवर ते बहुधा अडतात, त्यामुळे चाकू घेण्याआधीच पाहून घ्यावेत. विमानात हातातल्या सामानात नकोच.

तिसऱ्या धारेच्या वेळी पुन्हा पहिलीच गोष्ट समोर येते. प्रत्येक धारेला थोडं पोलाद जातं, धार पाठीकडे सरकते आणि पाठीकडे पातं जाड असतं. पट्टी आता पूर्वीपेक्षा रुंद दिसते. कागद कापतो, पण पुठ्ठा पुन्हा अडायला लागलाय. कितीही बारीक दगड वापरला तरी हे जात नाही, कारण धार बरोबर आहे, तिच्या मागची जाडी वाढली आहे. तेव्हा ४०० वर पाठ खाली आणून १२ अंशांवर पट्टीचा वरचा खांदा घासायचा, धारेला हात न लावता. मार्कर खांद्यावर लावला की कुठे पोचलो ते कळतं. काळं धारेच्या जवळ, अर्धा मिलिमीटर अलीकडे उरलं की थांबायचं. मग नेहमीच्या कोनात चार-पाच हलके हात, बर काढायची, पट्टा. पुठ्ठा घेऊन एक लांब काप मारायचा. तो सरळ गेला की काम झालं.